गोचीड चावली तर: काढायची कशी, तपासायचं काय

ऑगस्ट महिना, सकाळची वेळ. लॅब उघडून मी मशीन सुरू करत होतो, तेवढ्यात एक ताई काडेपेटी घेऊन आल्या. पेटीत कापूस, कापसात गोचीड. राखाडी, टरारून फुगलेली. आदल्या रात्री आठ वर्षांच्या मुलीची वेणी घालताना कानामागे सापडली होती. "दादा, हिची टेस्ट करून द्या. पोरीला काही होणार नाही ना, तेवढं सांगा." पुण्यातल्या भाच्यानं त्यांना फोनवर सांगितलं होतं, की अमेरिकेत लोक अंगावरून काढलेली गोचीड पाकिटात घालून लॅबला पाठवतात आणि तिचा रिपोर्ट घरी येतो.

भाच्याचं म्हणणं खरं आहे, तिकडे अशा लॅब आहेत. तरी मी ती टेस्ट केली नाही. मुलगी सोबत आली होती, तिला उजेडात बसवून आधी कानामागची जागा बघितली. मग ताईंना जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय. आपल्या खानदेशात दारात ढोरं, बकऱ्या नाहीतर निदान एक कुत्रं नसलेलं घर शोधावं लागतं, आणि पाऊस लागल्यापासून दिवाळीपर्यंत हा प्रश्न मला कितीतरी वेळा विचारला जातो.

मी डॉक्टर नाही. तालुक्याच्या गावी रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब चालवतो. घरी शेती, दोन गायी, एक बैलजोडी. त्यामुळे गोचीड मला गोठ्यातूनही माहीत आहे आणि रिपोर्टमधूनही.

गोचीड हा किडा नव्हे. ती कोळी आणि विंचवाच्या गोतातली. मोठ्या गोचिडीला आठ पाय असतात, अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला सहा. ती डासासारखी येते, टोचते आणि उडून जाते असं होत नाही. एकदा चिकटली की ती तीन-चार दिवस, कधी आठवडाभर जागची हलत नाही. तिच्या तोंडाला सोंडेसारखा एक भाग असतो आणि त्यावर मागे वळलेले बारीक काटे असतात, गव्हाच्या कुसळासारखे. कुसळ आत सहज सरकतं, बाहेर ओढताना अडतं, तसंच हे. शिवाय बऱ्याच जातींच्या गोचिडी तोंडाभोवती सिमेंटसारखा घट्ट होणारा चिकट पदार्थ सोडतात. त्यांच्या लाळेत जागा बधिर ठेवणारे आणि रक्त गोठू न देणारे पदार्थ असतात. म्हणूनच ताईंच्या मुलीला दोन दिवस काही कळलंच नाही. दुखत नाही, खाजत नाही, हात लागला तर एखादी मऊ चामखीळ असावी असं वाटतं.

रक्त प्यायलेली मादी तिच्या मूळच्या वजनाच्या शंभरपट होऊ शकते. तेव्हा ती हुबेहूब एरंडीच्या बीसारखी दिसते. हे आपल्यालाच वाटतं असं नाही. एरंडाचं शास्त्रीय नाव रिसिनस, आणि जुन्या लॅटिन भाषेत रिसिनस म्हणजे गोचीड. दोन हजार वर्षांपूर्वी कुठल्यातरी परक्या मुलखातल्या शेतकऱ्यालाही ती बी बघून गोचीडच आठवली.

आता आजार कसा लागतो ते. जंतू असलेच तर ते गोचिडीच्या लाळेच्या ग्रंथीत आणि पोटात असतात. रक्त पिताना ती मधूनमधून लाळ आत सोडते, तिच्यातून ते आपल्या रक्तात येतात. किती वेळात येतात हे जंतूवर ठरतं. परदेशात ज्याचा फार बोलबाला आहे त्या लाईम आजाराच्या जंतूला साधारण एक दिवसाहून जास्त वेळ लागतो. गोचीड-तापाच्या जंतूला काही तास पुरतात. काही विषाणू त्याहूनही लवकर शिरतात. म्हणून "सकाळी दवाखान्यात जाऊन काढू" असा विचार करायचा नाही. दिसली की काढायची, आणि ती काढताना तिला दाबायचं नाही, चिडवायचं नाही. दाबली, भाजली, गुदमरवली तर पोटातलं आणि लाळेतलं ती आपल्या जखमेत ओकण्याची भीती असते.

आपल्याकडचे सगळे घरगुती उपाय नेमके तिला चिडवणारे आहेत. रॉकेलचा बोळा, विडीचा चटका, पेटती काडी, चुना, तंबाखूचं पाणी, मीठ, व्हॅसलीनचा थर, नेलपॉलिश. हे सगळे मी लोकांच्या अंगावर बघितलेत, एका पोराच्या मानेवर तर गोचिडीपेक्षा चटक्याचीच जखम मोठी होती. उपाय सांगणारे म्हणतात की ती आपोआप सुटते. कधी सुटतेही. पण सुटण्याआधी ती आत काय सोडते ते दिसत नाही, आणि तोपर्यंतचा वेळ वाया जातो तो वेगळाच.

काढायची कशी

लागतो तो फक्त बारीक टोकाचा चिमटा. बायका भुवया कोरायला वापरतात तो प्लकर चालतो, पण टोक रुंद आणि चपटं असेल तर तो गोचिडीचं पोट दाबतो. टोकदार मिळाला तर बरं. आमच्याकडे असा एक चिमटा गोठ्यातल्या खिळ्याला दोरीनं टांगलेला आहे आणि दुसरा घरातल्या औषधाच्या डब्यात. दोघांची अदलाबदल करायची नाही.

माणसाला उजेडात बसवा, लहान मूल असेल तर कुणीतरी डोकं धरा. केस बाजूला करा. हातात हातमोजा नसेल तर बोटांवर प्लास्टिकची पिशवी चढवा. आता गोचिडीचं फुगलेलं पोट बघू नका, ती कातडीला कुठे टेकली आहे ते बघा. तिथे एक बारीक काळपट मान दिसेल. चिमट्याची टोकं कातडीला जवळजवळ टेकवून त्या मानेला धरा. पोट चिमट्यात यायला नको. मग सरळ वर, एकसारखं ओढा. झटका नाही, पीळ नाही. इथे बहुतेकांचा धीर सुटतो, कारण ती लगेच येत नाही. कातडी तंबूसारखी वर उचलली जाते आणि वाटतं की आता मांस निघेल. तसंच धरून राहायचं. पाच, दहा, कधी वीस सेकंद. मग एकदम सैल झाल्यासारखं वाटतं आणि ती अख्खी बाहेर येते, तोंडाला कातडीचा खसखशीएवढा पांढुरका तुकडा घेऊन. तो दिसला की समजायचं, काम नीट झालं.

कधी तोंडाचा भाग आत तुटून राहतो. काळा ठिपका दिसतो, काटा रुतल्यासारखा. चिमट्यानं सहज निघाला तर काढा, नाहीतर सोडून द्या. सुईनं उकरायचं नाही. आजार पसरवणारा भाग निघून गेलेला असतो, उरलेलं कुसळ कातडी आपणच काही दिवसांत बाहेर टाकते. उकरून मात्र पू होतो आणि मग त्या जखमेसाठी दवाखाना गाठावा लागतो.

नंतर ती जागा आणि आपले हात साबणानं धुवायचे, जागेवर स्पिरिट किंवा आयोडीन लावायचं. गोचीड नखावर फोडायची नाही, दगडानं ठेचायची नाही, चुलीत टाकायची नाही. छोट्या बाटलीत थोडं स्पिरिट घेऊन त्यात टाकली की मरते. नाहीतर चिकटपट्टीत दोन्ही बाजूंनी गच्च बंद करा.

आणि मग घरात जे कॅलेंडर टांगलेलं असेल त्यावर आजच्या तारखेला गोल करा. बाजूला लिहा: कुणाला, अंगावर कुठे, आणि त्या आठवड्यात तो माणूस कुठे गेला होता. गोठ्यात, केळीच्या बागेत, सातपुड्यात लाकडांना, यात्रेला, ढोरांच्या बाजाराला. एवढी एक ओळ. ती का लागते हे पुढे येतं.

एक सापडली की दुसरी शोधा. कानामागे, डोक्यात केसांच्या मुळाशी, काखेत, बेंबीत, कमरेला नाडा बसतो त्या जागी, जांघेत, गुडघ्याच्या मागे. गोचिडीला ऊब आणि घडी लागते. पिल्लं खसखशीएवढी असतात, घामोळं किंवा तीळ समजून ती सुटून जातात.

गोचिडीची टेस्ट

ताईंच्या काडेपेटीकडे परत येतो. समजा मी ती गोचीड कुठेतरी पाठवली आणि तिच्यात जंतू सापडला. म्हणजे मुलीला आजार झाला का? नाही. गोचिडीत जंतू असणं आणि तो मुलीच्या रक्तात उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याचदा तो उतरतच नाही. त्या रिपोर्टवर औषध सुरू करायचं म्हटलं तर निरोगी पोराला उगाच औषध. आता उलट बघा. समजा रिपोर्ट निल आला. ताई निश्चिंत झाल्या. पण मुलीला त्याच दिवशी दुसरी एखादी खसखशीएवढी गोचीड चावून गळून गेली असेल तर? चौथ्या-पाचव्या दिवशी ताप आला तर ताई म्हणणार, "गोचिडीचं काही नाही, रिपोर्ट चांगला आलाय," आणि डॉक्टरांना ती गोष्ट सांगणारही नाहीत. मला या दुसऱ्या रिपोर्टची जास्त भीती वाटते. तिसरी अडचण वेळेची. असा रिपोर्ट यायला जेवढे दिवस लागतात तेवढ्यात आजार व्हायचा असेल तर सुरूही झालेला असतो.

अमेरिकेतली सरकारी आरोग्य यंत्रणाही लोकांना हेच सांगते, की गोचिडीच्या रिपोर्टवर उपचार ठरवू नका. गोचिडी तपासण्याचं काम खरं असतं ते संशोधकांचं. एखाद्या भागात साथ आली की पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या ठिकाणचे लोक गोठ्यातून, जंगलातून गोचिडी गोळा करतात, त्यांचे गट करून तपासतात आणि त्या भागात कुठला विषाणू फिरतोय ते शोधतात. 1957 साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला, तेव्हा याच संस्थेनं त्याचा विषाणू शोधून गोचिडीपर्यंत माग काढला. तोच माकडताप पुढे 2016 पासून आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग भागात दिसला. तो पश्चिम घाटातल्या ओल्या दाट जंगलांचा आजार आहे. त्या कामासाठी गोचीड तपासणं मोलाचं आहे. एका मुलीला ताप येईल का, याचं उत्तर त्यातून निघत नाही.

मग बाटलीतली गोचीड ठेवायची कशाला? पुढे ताप आलाच तर डॉक्टरांना ती कुत्र्यावरची की ढोरावरची, एवढं बघता यावं म्हणून. मोबाईलवर जवळून काढलेला स्वच्छ फोटोही चालतो. आणि चावल्या दिवशीच माणसाचं रक्त काढूनही काही कळत नाही, हेही सांगून ठेवतो. लोक हट्ट धरतात, "बरं, पोरीचं तरी रक्त तपासा." या आजारांच्या नेहमीच्या तपासण्या जंतू शोधत नाहीत, जंतूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधतात. ती तयार व्हायला ताप सुरू झाल्यावरही आठवडा जातो. ताप नसताना केलेली तपासणी म्हणजे पेरणीच्या दुसऱ्या दिवशी कणीस शोधणं. एकच गोचीड चावली, माणूस ठणठणीत आहे, तर अँटिबायोटिकही मागू नका. चावल्यावर एक डोस घ्यायचा सल्ला इंटरनेटवर वाचायला मिळतो, तो लाईम आजार जिथे मुक्कामाला आहे तिथल्या लोकांसाठी आहे.

ताप आला तर

हे मी घरच्या अनुभवावरून लिहितोय आणि मला ते लिहिणं सोपं नाही.

दोन वर्षांपूर्वी नवरात्रात अण्णांना, माझ्या वडिलांना, ताप भरला. डोकं प्रचंड दुखत होतं, अंग मोडून आलं होतं. गावातल्या डॉक्टरांनी टायफॉईडचा संशय घेतला. विडाल टेस्ट मीच केली. थोडी पॉझिटिव्ह आली, आपल्याकडे ती पुष्कळांची थोडी पॉझिटिव्ह येते. टायफॉईडची इंजेक्शनं सुरू झाली. ताप उतरेना. डेंग्यू केला, निगेटिव्ह. प्लेटलेट कमी, लिव्हरचे आकडे वाढलेले. हे सगळे रिपोर्ट माझ्या हाताखालून गेले. सहाव्या दिवशी अण्णा बरळायला लागले तेव्हा त्यांना धुळ्याला नेलं. तिथल्या फिजिशियननी त्यांचा हात हातात घेतला, तळवा उलटा केला आणि खिडकीकडे धरला. तळव्यावर बारीक लालसर ठिपके होते. पायाच्या तळव्यावरही. आम्ही घरातली चार माणसं रोज तोच हात धरून बसत होतो. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "घरी ढोरं आहेत? कुत्रं आहे? गोचिडी काढतात का?"

अण्णा आयुष्यभर बैलाच्या कानातल्या गोचिडी नखानं उपटून दगडावर ठेचत आलेत. मी कधी टोकलं तर म्हणायचे, "माले काय व्हस? लहानपनपाईन असाच काढस." दारातलं कुत्रं तर त्यांच्या खाटेखालीच झोपतं. सहा दिवसांत हे आम्ही कुणी सांगितलं नाही आणि आम्हाला कुणी विचारलंही नाही.

डॉक्टरांनी त्याच तासाला डॉक्सीसायक्लिन सुरू केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला. तपासणीचा रक्तनमुना बाहेर गेला होता, त्याच्या रिपोर्टनं त्यांचा अंदाज पक्का केला. पण तो रिपोर्ट आला तेव्हा अण्णा घरी येऊन चार दिवस झाले होते. रिपोर्टची वाट बघत बसलो असतो तर काय झालं असतं, हा विचार लॅब चालवणाऱ्या माणसाला झोपू देत नाही.

याला भारतीय टिक टायफस म्हणतात, आपण गोचीड-ताप म्हणू. नावात टायफस असला तरी टायफॉईडशी त्याचा काही संबंध नाही. याचा जंतू रिकेट्सिया जातीचा. तो बहुतेक करून कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडीतून येतो. रक्तात मोकळा फिरण्याऐवजी तो बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातल्या पेशींमध्ये शिरून राहतो. टायफॉईडला चालणारी नेहमीची इंजेक्शनं त्याला का लागू पडत नाहीत, त्याचं एक कारण हेच. अस्तर खराब झालं की वाहिनी झिरपू लागते आणि कातडीवर ठिपके उठतात, बहुधा ताप आल्यावर तीन-चार दिवसांनी. हातापायांच्या तळव्यांवर ठिपके येणं ही मोठी खूण. काहींना चावल्या जागी काळी खपली दिसते, सगळ्यांना नाही.

आपल्या लॅबमध्ये यासाठी वेल-फेलिक्स नावाची जुनी तपासणी होते, 1916 सालची. गंमत म्हणजे, तिच्यात रिकेट्सिया वापरतच नाहीत. प्रोटियस नावाचा दुसराच एक जंतू वापरतात, कारण दोघांविरुद्धची प्रतिद्रव्यं एकमेकांशी जुळतात. म्हणून ती स्वस्त आहे आणि म्हणूनच ती चुकते. पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह आली तर त्याचा अर्थ "आजार नाही" असा काढायचा नाही. एलायझा पद्धतीची तपासणी अधिक भरवशाची, पण तीही पहिल्या आठवड्यात फसवू शकते. पहिल्या आठवड्यात पीसीआर कामाला येते, ती प्रतिद्रव्यं नाही तर थेट जंतूचाच अंश शोधते, पण तिला मोठं केंद्र लागतं. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे पुढच्या तपासणीची वाट विचारता येते. पण औषधाचा निर्णय डॉक्टर लक्षणं आणि गोचिडीचा इतिहास यांवर आधी घेतात. लहान मुलं आणि गरोदर बाया यांच्या औषधाचा ते वेगळा विचार करतात. म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका.

याच काळात स्क्रब टायफसही असतो. तो गोचिडीचा नाही, गवतातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एका माइटच्या पिल्लाचा. 2018 साली नागपूर भागात त्यानं पुष्कळ लोक आजारी पडले होते. काळी खपली त्यात जास्त दिसते. औषध बहुधा तेच, त्यामुळे घरच्यांनी या दोघांतला फरक शोधत बसू नये.

कॅलेंडरवरच्या गोलापासून तीन आठवडे मोजायचे. त्या काळात ताप आला, जोराची डोकेदुखी, अंगदुखी, ठिपके, बरळणं, यांतलं काहीही झालं, तर दवाखान्यात पाय ठेवताच पहिलं वाक्य हे: "अमुक तारखेला गोचीड काढली होती." डॉक्टरांसमोर पावसाळ्यात तापाचे पन्नास पेशंट असतात. त्यातून हा एक वेगळा काढायला त्या वाक्याचाच उपयोग होतो.

काँगो ताप

याचं नाव घेतलं की लोक घाबरतात, म्हणून नीट सांगतो. क्रायमिअन-काँगो रक्तस्रावी ताप. भारतात तो पहिल्यांदा पक्का झाला जानेवारी 2011 मध्ये, गुजरातेत, अहमदाबादजवळच्या साणंद तालुक्यात. पहिल्या रुग्ण महिलेनंतर तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही दगावल्या. त्यानंतर गुजरातेत तो अधूनमधून येत राहिला. 2020 साली तिकडे रुग्ण निघाले तेव्हा आपल्याकडे पालघर जिल्ह्यानं सावधगिरीच्या सूचना काढल्या होत्या. नंदुरबारची हद्द गुजरातला लागून आहे. नवापूरच्या रेल्वे स्टेशनचा तर अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. म्हशी, बैल, बकऱ्या दोन्हीकडून येतात-जातात, त्यांच्या कानातल्या गोचिडीही.

हा विषाणू हायलोमा जातीच्या गोचिडीत असतो. तिचे पाय लांब असतात, ती बाकीच्यांपेक्षा चपळ असते आणि जनावराची चाहूल लागली की जमिनीवरून त्याच्याकडे पळत येते. जनावराच्या रक्तात विषाणू काही दिवस राहतो, पण जनावर आजारी दिसत नाही. माणसाला तो चाव्यातून होतो, आणि गोचीड उघड्या हातानं चिरडली किंवा त्या जनावराच्या रक्ताला हात लागला तरी होतो. नखावर गोचीड फोडण्याची सवय मला म्हणूनच सर्वात घातक वाटते. ठेलारी बांधव मेंढ्यांच्या वाड्यावर महिनोन् महिने राहतात, खाटीक रोज रक्तात हात घालतात, ढोरांच्या बाजारातले हमाल दिवसाला शेकडो जनावरांना खेटतात. जास्त धोका त्यांना, आणि त्यांच्यापर्यंत ही माहिती सर्वात उशिरा पोचते.

चाव्यानंतर एक ते तीन दिवसांत, फार तर नऊ दिवसांत ताप येतो. रक्ताचा संपर्क झाला असेल तर तेरा दिवसांपर्यंत. एकदम चढलेला ताप, पाठ-मान दुखणं, डोळे लाल, मग हिरड्या-नाकातून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, काळी शी. असं दिसलं तर थेट मोठं सरकारी रुग्णालय, आणि सोबतच्यांनी त्या रक्ताला, उलटीला उघडा हात लावायचा नाही. तापात दुखणं थांबवायच्या गोळ्या मनानं घेऊ नका. काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार या आजारात शंभरातले दहा ते चाळीस रुग्ण दगावतात. हा आजार दुर्मीळ आहे. गोचीड चावली म्हणजे काँगो झाला असं अजिबात नाही. हातमोजा आणि चिमटा मात्र याच्यासाठीच.

गोठा

माणसाच्या अंगावरची गोचीड गोठ्यातून किंवा कुत्र्यावरून येते, त्यामुळे तिथे काम केल्याशिवाय हे थांबत नाही. रक्त पिऊन फुगलेली मादी जनावरावरून गळते, भिंतीच्या भेगेत, गव्हाणीच्या फटीत, शेणाच्या ढिगाखाली शिरते आणि तिथे दोन-तीन हजार अंडी घालून मरते. म्हणून नुसतं जनावर धुऊन भागत नाही. भेगा लिंपा, भिंतीला चुना द्या, गव्हाणीखाली झाडा. औषध पशुवैद्यकानं सांगितलेलं, सांगितलेल्या मापात, जनावरावर आणि गोठ्यातही. दोन-तीन आठवड्यांनी परत, कारण अंडी औषधाला दाद देत नाहीत आणि नंतर फुटतात. दूध किती दिवस वापरायचं नाही तेही विचारून घ्या.

आणि कृपा करून कपाशीवर मारायचं औषध ढोरांच्या अंगावर मारू नका. घरात ते आयतं असतं, म्हणून लोक पंपात थोडं उरलेलं गायीवर फवारतात. कातडीतून विष भिनतं, गाय लाळ गाळत थरथरायला लागते आणि काही तासांत जाते. चाटलेल्या वासराचंही तेच.

ढोरांच्या बाबतीतही तपासणीचा नियम तोच. संकरित गाय चारा सोडते, ताप चढतो, खांद्याजवळच्या गाठी सुजतात, तेव्हा तो थायलेरिया असू शकतो. लघवी कॉफीसारखी झाली तर बबेसिया. दोन्ही गोचिडीचेच. यात गोचीड तपासायची नसते, गायीच्या कानाच्या शिरेतलं एक थेंब रक्त काचेवर पसरून रंगवायचं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी रक्तपेशीत जांभळ्या खड्याच्या अंगठीसारखा थायलेरिया दिसतो. वेळेत दिसला तर गाय वाचते, त्यावर इंजेक्शन आहे आणि संकरित जनावरांसाठी लसही आहे.

पोळ्याला आपण बैल धुतो, शिंगं रंगवतो, खांदे शेकतो. त्या दिवशी कानाच्या आत, गळ्याच्या पोळीखाली, शेपटीच्या मुळाशी हात फिरवायला बैल जितका शांत उभा राहतो तितका वर्षभरात कधी राहत नाही. हातमोजा घालून तेवढं बघून घ्या. अण्णा आता घालतात. कुरकुर करत, पण घालतात.

ताईंच्या मुलीला काही झालं नाही. दहाव्या दिवशी थोडी सर्दी झाली तेव्हा ताईंनी धावत येऊन तिचे तळवे मला दाखवले, ते स्वच्छ होते. आमच्या घरच्या कॅलेंडरवर या पावसाळ्यात तीन तारखांना गोल आहेत, दोन माझ्या हातचे आणि एक अण्णांच्या थरथरत्या पेनाचा. त्या तिसऱ्याचे अजून सहा दिवस बाकी आहेत.